अंताल्याला गेलेलं पार्सल

कुवेतमध्ये आपल्या लोकांना सुट्टीचा एकच अर्थ ठाऊक आहे. घरी जाणं. ‘सुट्टीवर चाललेय’ म्हटलं की कुठे, हे कुणी विचारत नाही. बॅगेत जागा किती आहे ते विचारतात. शेजारीण बदामाची पिशवी आणून देते, ऑफिसातला कुणी सासऱ्यांसाठी बीपीचं मशीन देतो, आणि ज्याच्याशी वर्षभर सलामापलीकडे बोलणं नाही तोही लिफ्टमध्ये गाठून ‘एक छोटंसं पार्सल होतं’ म्हणून गोड हसतो. नाही म्हणायची पद्धत नाही. उद्या आपलंही काहीतरी कुणाच्या तरी बॅगेतून जायचं असतं.

शामलाताई आवटी ही या पद्धतीची पट्टीची पाईक. ती मिरजेची, आमच्या हॉस्पिटलात डायलिसिसची नर्स. मी तिथेच एक्स-रे काढते. मी पुण्याची असल्यामुळे मला दोन शब्द जास्त बोलायची सवय आहे आणि तिला ते ऐकून घेण्याची, म्हणून आमचं जमलं. तिच्या नियमांत एक नियम असा की पार्सल घेताना देणाऱ्यालाच ते उघडायला लावायचं. पिठाची पिशवी असली तरी सोडून दाखवा. लोक चिडत, पण पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच येत, कारण शामलाताईच्या हाती दिलेली वस्तू पोचली नाही असं कधी झालं नव्हतं.

तिच्या सुट्ट्या कशा जायच्या ते मी ऐकून होते. मिरजेत पाऊल ठेवलं की सासूबाईंच्या तपासण्या, पुतण्याची वास्तुशांत, कुणाकुणाचे आहेर, टाकी गळते म्हणून प्लंबर. नवरा लक्ष्मीकांत स्वभावाने सज्जन. पण घरातला दिवा गेला तर तो बदलायलाही बायको कुवेतहून येईपर्यंत थांबेल इतका सज्जन. परत आली की दोन दिवस तिचे पाय सुजलेले असत. मी म्हणायची, तू सुट्टीवर जात नाहीस, नाइट ड्यूटीवरून डे ड्यूटीवर जातेस. ती हसायची आणि पेशंटच्या हातात सुई घालायची.

त्या वर्षी मी तुर्कस्तानची सहल ठरवली. अंताल्या, भूमध्य समुद्र, आणि त्यात एक दिवस छोट्या बोटीतून स्नॉर्कलिंग. आठच माणसं, बरोबर वाटाड्या, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. पोहता यायला पाहिजे असंही नाही. एजंटने पाठवलेला व्हिडिओ मी तिला सहज दाखवला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघू म्हणाली. मग जेवणाच्या सुट्टीत रोज. एकदा बघता बघता म्हणाली, “माझंपण नाव घाल.”

मला आनंद झाला. पण मग कळलं की घरी तिने सुट्टी मंजूर झाली नाही असं सांगितलंय. मी म्हटलं, अगं, चोरी करतेयस का कुणाची? स्वतःच्या कमाईची सहल आहे. तिने सुईचं झाकण लावता लावता उत्तर दिलं, “सांगितलं तर कोण काय बोलणार नाहीत गं. गप्प बसतील. तेच नको वाटतंय.”

आणि घरी खोटं सांगितल्यावर बिल्डिंगमध्ये खरं कसं सांगणार? तिथे ती एवढंच बोलली की आठ दिवस सुट्टीवर चाललेय. पुढचं अर्थातच सगळ्यांनी गृहीत धरलं.

तिचं घर कुवेतच्या सालमिया भागात, आणि तिच्या समोरच्या दारात रबिया. रबिया रत्नागिरीकडची, बाणकोटच्या खाडीवरची. तिचा नवरा झहूर खाली बकाला चालवतो, म्हणजे आपलं किराणाचं दुकान. दोघींकडे एकमेकींच्या घराच्या किल्ल्या होत्या. शामलाताई रबियाची शुगर तपासायची आणि गोड खाल्लंस म्हणून रागवायची. रबिया तिच्या उशिराच्या ड्यूटीला सांदणं किंवा भाकरी-कालवण झाकून ठेवायची. रबियाची आई गावी होती, पडल्यापासून अंथरुणावरच. व्हिडिओवर ती म्हातारी आधी लेकीला नव्हे, ‘ती नर्सबाय कुठं हाय’ असं विचारायची, आणि शामलाताई तिला इथून कूस बदलायला सांगायची.

निघायच्या दुपारी मी टॅक्सी घेऊन तिच्या बिल्डिंगखाली आले. बाहेर उकाडा असा की दार उघडलं तरी चटका बसावा. शामलाताई बॅग घेऊन उतरली, मागच्या सीटवर बसली, आणि टॅक्सी हलणार तेवढ्यात रबिया सपाता फटफटवत धावत आली. हातात चिकटपट्टीने चहूबाजूंनी गुंडाळलेलं एक पुडकं. तिने ते खिडकीतून आत दिलं. अम्मासाठी कापड आहे, नेहमीसारखं मिरजेतून कुरियर कर, असं म्हणाली. शामलाताईचा हात आपोआप पुढे झाला. इतक्या वर्षांची सवय. हाताला काय ठाऊक, विमान कुठे चाललंय. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, ड्रायव्हर निघाला. आयुष्यात पहिल्यांदा शामलाताईने पार्सल न उघडता घेतलं.

रस्ता वळल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. हे आता तुर्कस्तानला? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की परत आल्यावर कुणी ना कुणी गावी जाणारं असतंच, त्याच्या हाती पाठवू, कापडच तर आहे, चार दिवसांनी काय बिघडतंय. मला ते पटलं. कापडाला कसली घाई असणार?

अंताल्याच्या हॉटेलात तिने बॅग उघडली, तर सगळ्यात वर तेच पुडकं. तिने ते उचलून कपाटात ठेवलं आणि वर स्वतःची शाल घातली. झाकून ठेवलंस का त्याला, म्हणून मी चिडवलं. ती हसली नाही. पहिल्या दिवशी बाजारात फिरताना फोन वाजला की दचकायची. लक्ष्मीकांतचा व्हिडिओ कॉल आला तर मागे काय दिसेल ही धास्ती. शेवटी बोटीच्या सकाळी तिने फोनच बंद करून टाकला.

बोट लाकडी, पांढरी, लहानशी. आमच्याबरोबर एक म्हातारं जर्मन जोडपं होतं आणि बाकीचे चौघे हसणारे-खिदळणारे तरुण. वाटाड्या दाढीवाला, दणकट गडी. त्याने मास्कच्या काचेत थुंकून दाखवलं, थुंकीने काच धुकट होत नाही म्हणे. मग नळी दातात कशी धरायची, श्वास तोंडानेच कसा घ्यायचा, हे समजावलं. शामलाताई सालमियातून घेतलेल्या अंगभर पोशाखात, वर नारिंगी जाकीट, अशी शिडीवर उभी होती. वाटाड्याने पाण्यात एक मोठी, टायरसारखी रबरी कडी टाकली होती; घाबरणाऱ्यांनी ती धरायची आणि तो ओढून नेणार.

पहिल्यांदा ती पाण्यात तोंड घालून लगेच वर आली, खोकली, नळी काढून फेकली. मला वाटलं झालं, आता ही बोटीत बसून फोटो काढणार. पण ती कडीला धरून राहिली आणि स्वतःशीच पुटपुटायला लागली. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. पेशंटला पहिल्यांदा मशीनला जोडताना म्हणते तेच म्हणत होती. श्वास घ्या. घाबरायचं नाही. मी इथंच आहे. मग तिने नळी पुन्हा दातात धरली, डोकं खाली घातलं, आणि वर काढलंच नाही.

खाली पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड मोजून घ्यावेत. चंदेरी माशांचा एक थवा आमच्या पोटाखालून गेला, मग वळून परत आला. शामलाताईने कडी सोडली. दोन्ही हात पसरून ती नुसती तरंगत राहिली. तिला कुणी हाक मारत नव्हतं, तिच्याकडून कुणाला काही नको होतं. वाटाड्याला तिला खांद्याला हात लावून परत आणावं लागलं. बोटीत चढली तेव्हा गालांवर मास्कचे वळ उठले होते आणि ती लहान पोरीसारखी हसत होती. “अंगावरनं जातात गं,” म्हणाली, “भीतच नाहीत आपल्याला.” दुसऱ्या ठिकाणी बोट थांबली तेव्हा सगळ्यांच्या आधी शिडीवर तीच. इतक्या वर्षांत तिला असं मी पाहिलं नव्हतं.

जेवणाला बोट एका खडकाच्या सावलीत लावली. कलिंगडाच्या फोडी, भाजलेला मासा. तिला आपला एक फोटो हवा होता म्हणून तिने फोन सुरू केला. फोन थरथरत राहिला. मग तिने तो कानाला लावला आणि तिच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. ऐकून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला. रबियाचा व्हॉइस मेसेज होता, पहाटेचा.

“शामलाबाय, अम्मा गेली. तुज्याजवल दिलाय ना, त्यात तिचा कफन हाय. मी उमऱ्याला गेलते तवा झमझमच्या पान्यात भिजवून, सुकवून आनलेला. तिना माज्याकडं तेवडाच मागितला होता. कुरियर कुठं अडकलाय ते ओवैसला सांग, तो गाडी घेऊन जाईल. असरनंतर उचलनार हायत.”

ओवैस म्हणजे रबियाचा भाऊ, गावी आईजवळ राहणारा. उमरा म्हणजे मक्केची यात्रा, झमझम तिथलं पवित्र पाणी, आणि असर म्हणजे तिसऱ्या प्रहरचा नमाज. गावी आत्ता दुपार उलटून चालली होती. अजून वेळ होता, पण तो ज्या कामासाठी हवा होता त्या कामाचा नव्हता. कफन अंताल्यात होतं, हॉटेलच्या कपाटात, शालीखाली.

मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता खरं सांगून टाक. पार्सल माझ्याजवळच आहे, तुम्ही थांबू नका, एवढंच लिही. बाकीचं नंतर. तिने फोन घेतला आणि लिहायला लागली. ओलं बोट काचेवरून घसरत होतं, तिने ते टॉवेलला पुसलं. मी वाकून पाहिलं तर लिहिलं होतं, ‘कुरियर केलंय. वाटेत असेल.’ मी तिचा हात धरायच्या आत संदेश गेला होता.

मी तिच्यावर ओरडले. जर्मन म्हातारा दचकून बघायला लागला. ती माझ्याकडे बघत नव्हती. “ती तिथं रडतीया,” ती म्हणाली, “आणि मी कुठल्या तोंडानं सांगू, बोटीत बसून कलिंगड खातेय म्हणून?”

तिसऱ्या ठिकाणी बोट थांबली तेव्हा वाटाड्याने तिला मास्क आणून दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि तशीच बसली. मीही उतरले नाही. तिच्या अंगावर पोशाख वाळला, मिठाचे पांढरे डाग पडले. उरलेले दिवस ती हॉटेलातून फारशी बाहेर पडली नाही. पुडकं तिने शालीखालून काढून स्वतःच्या उशाशी ठेवलं होतं. आता ठेवून काय उपयोग, हे तिलाही कळत होतंच.

कुवेतला उतरल्यावर तिने मला घरी जाऊ दिलं नाही. एकटीला जमणार नाही, तू दारापर्यंत ये, म्हणाली. आम्ही बॅगांसकट रबियाच्या दारात उभ्या राहिलो. रबियाने दार उघडलं, शामलाताईला बघितलं आणि तिच्या गळ्यात पडून रडली. आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. आणि मग तीच शामलाताईची समजूत घालायला लागली. कुरियरवाल्यांचा काय भरवसा, तुझी त्यात काय चूक, तू तरी किती करणार. ओवैस आधी मंडणगडला जाऊन आला, मग दापोलीला. दोन्हीकडे म्हणे, असं पार्सलच नाही. वाटेत आहे असं कळलं होतं म्हणून मौलवींना सांगून सगळ्यांना थांबवलं. दिवस मावळायला लागला तसं मग गावातलंच कापड आणलं आणि अम्माला नेलं.

मी शामलाताईकडे पाहिलं. सगळं आयतं झालं होतं. तिने मान हलवली असती तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. कुरियरवाले इतकी पापं करतात, त्यांच्या नावावर आणखी एक. तिच्या जागी मी असते तर हलवली असती, लपवत नाही.

शामलाताईने बॅगेतून पुडकं काढलं आणि दोघींच्या मधे ठेवलं. चिकटपट्टी तशीच होती. मग तिने सगळं सांगितलं, मिरजेला गेले नव्हते इथपासून बोटीपर्यंत. काही वगळलं नाही, कलिंगडही नाही. रडलीसुद्धा नाही, एखाद्या पेशंटची माहिती दुसऱ्या ड्यूटीच्या नर्सला देतात तसं सांगत गेली. रबिया पुडक्यावर हात ठेवून ऐकत होती.

“तुर्कीला गेलीस तर गेलीस,” शेवटी ती म्हणाली. “माना सांगितला असतास तर मी काय अडवली असती? दुसऱ्या कुनाच्या हाती दिला असता.” मग तिचा आवाज खाली गेला. “माजी अम्मा उनात थांबली, शामला. मी थांबवली तिला. तुज्या बोलन्यावर.”

‘बाय’ गळून पडलं होतं. ते शामलाताईलाही ऐकू आलं. ती उठली, मी तिच्यामागून उठले, आणि आमच्यामागे दार लागलं.

त्याच संध्याकाळी तिने लक्ष्मीकांतलाही फोन करून खरं सांगून टाकलं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, म्हणाली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, आधी सांगायचं होतंस, मीपण आलो असतो, आणि मासे दिसले का. तिने ते मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि तिला रडू. ज्या गप्प बसण्याच्या भीतीने एवढं खोटं उभं केलं, ते गप्प बसणं एका श्वासाएवढंच होतं.

पुढे कितीतरी दिवस समोरचं दार उघडलं नाही. झाकून ठेवलेलं कालवण बंद झालं. झहूर दुकानात अदबीने बोलायचा, पिशवी हातात द्यायचा, पण ‘मॅडम’ म्हणायला लागला. शामलाताई ड्यूटीवर नेहमीसारखीच होती. फक्त नव्या पेशंटला जोडताना ‘मी इथंच आहे’ हे वाक्य म्हणायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, तोंडातनं येत नाही.

मग एके दिवशी मी तिच्याकडे चहाला बसले असताना बेल वाजली. दारात रबिया होती. रोडावली होती. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. हातात तेच पुडकं. गावी पाठवलं नव्हतं, कुणाला दिलंही नव्हतं. तिने ते शामलाताईपुढे धरलं.

“हा आता माजा,” ती म्हणाली. “तुज्या कपाटात ठेव. माजी वेल येईल तवा लांब जायाला नको. समोरचाच दरवाजा हाय.”

शामलाताईने दोन्ही हातांनी ते घेतलं. रबियाने माझ्याकडे बघून मान लववली आणि गेली. ही माफी होती की शिक्षा, यावर मी खूप डोकं चालवलंय. माझं मत रोज बदलतं. शामलाताईने मात्र कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा रिकामा केला आणि पुडकं तिथे ठेवलं, वर काहीही न घालता.

हळूहळू कालवण पुन्हा सुरू झालं. शुगरही तपासली जाते. किल्ल्या जागच्या जागी आहेत. वरवर बघणाऱ्याला दोघींत काही घडलं होतं हे कळणारही नाही. ‘बाय’ मात्र अजून परत आलेलं नाही.

परवा शामलाताई मिरजेला गेली. विमानतळावर सोडायला म्हणून मी तिच्या घरी गेले होते. बॅग लिफ्टपाशी ठेवून ती आत गेली, कपाटातून पुडकं काढलं आणि समोरची बेल वाजवली. ती नाही म्हणजे पुडकं रबियाकडे राहायला हवं. वेळ काही सुट्टी बघून येत नाही. रबियाने दार उघडलं. तिने काहीच विचारलं नव्हतं, तरी शामलाताईने पर्समधून तिकीट काढलं आणि मुंबई लिहिलं होतं तिथे बोट ठेवून तिच्यासमोर धरलं. दुसऱ्या हातात पुडकं होतं.

रबियाने तिकिटाकडे पाहिलं नाही. तिने पुडकं घेतलं, छातीशी धरलं आणि दार लावून घेतलं. शामलाताई तिकीट तसंच पुढे धरून थोडा वेळ उभी होती. मग मी लिफ्टचं बटण दाबलं.